रेघ एक की दोन?

अहो, इकडे. खिडकीकडे नाही, भिंतीकडे बघा. हां, मीच. मी फळा बोलतोय. काळा नव्हे, पांढरा. खडूची धूळ माझ्या नशिबी कधी आली नाही, माझं पोट पेनांच्या शाईवर. एका कोपऱ्याला पोचा पडलाय, डावीकडे जरासा कललोय आणि अंगावर एक ओळ कायमची बसलीय. त्या ओळीचीच गोष्ट सांगायचीय. वेळ आहे ना? नसला तरी काढा.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्यावर पांढरा लेप चढवतात आणि भट्टीत असं भाजतात की सगळी मस्ती उतरते. आम्ही भावंडं भिंतीला टेकून उभी होतो, गिऱ्हाईक येईल तसं एकेक जात होतं. कुणी शाळेत गेलं, कुणी इस्पितळात. मला शाळेची भारी हौस होती. पोरांचा गोंगाट ऐकायचा, चुकीची गणितं अंगावर मिरवायची, असं माझं स्वप्न. पण मला उचललं ते एका छोट्या कचेरीनं. जिन्याच्या वळणावर दोघांनी मला असं काही अडकवलं की ना वर जाता येईना, ना खाली. कोपऱ्याचा पोचा तेव्हाचा.

त्या दोघांतला एक म्हणजे मामा. ताडमाड उंच, दारातून वाकून येणारा, चष्मा कपाळावर ठेवून तोच कचेरीभर शोधणारा. कचेरीतल्या एका मुलीचा तो सख्खा मामा, म्हणून मग सगळ्यांचाच मामा झाला. मालकीणबाईसुद्धा त्याला मामाच म्हणतात, आणि त्या तर त्याच्याहून वयानं मोठ्या.

ही मंडळी दवाखान्यांसाठी काम करतात. दवाखान्यात गेलं की आपण नंबर घेऊन बाकावर बसतो आणि समोरच्या पडद्यावर ‘तुमच्या आधी इतके पेशंट’ असं येतं ना, ते यांचं सॉफ्टवेअर. ते मामानं लिहिलं, पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत. पायथन म्हणजे अजगर. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, ‘आपल्याकडे सगळं पायथनवर चालतं,’ आणि माझी शाई जागच्या जागी गोठली. भाषा आहे हे कळायला मला बरेच दिवस लागले.

या कचेरीची एक रीत आहे. सोमवारी सकाळी सगळे चहा घेऊन माझ्यासमोर जमतात आणि बाई विचारतात, ‘नवं काय?’ कारण ही भाषा काही गप्प बसणारी नव्हे. तिच्यात सारखं काहीतरी नवं येतं, जुनं जातं. शिवाय तिच्याबरोबर लायब्रऱ्यांचं खटलं. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेलं, आपण वापरायचं तयार काम. त्यांची तऱ्हा भरल्या घरातल्या पोरांसारखी. एकीला नवं रूप दिलं की बाकीच्या रुसतात. म्हणून ज्याला काही नवं कळलं असेल, त्यानं ते माझ्यावर लिहून दाखवायचं. आणि दुसरी रीत अशी, की ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. दुसऱ्याच्या अक्षराला हात लावायचा नाही. बाईंचीही टाप नाही.

आता ती ओळ. सॉफ्टवेअर पहिल्यांदा एका दवाखान्यात सुरळीत चाललं, त्या सोमवारी मामा आनंदानं नाचायचाच बाकी होता. सगळ्यांनी आग्रह केला, सगळ्याचं मूळ काय ते लिहा. त्यानं हाताला लागेल ते पेन उचललं आणि माझ्या छातीवर झोकात लिहिलं: पेशंट, मग भागाकाराची एक तिरपी रेघ, मग डॉक्टर. बसलेल्या पेशंटच्या आकड्याला डॉक्टरांच्या आकड्यानं भागायचं, की तुमच्या आधी किती ते कळतं. टाळ्या पडल्या. मग पुसायला गेला तर काय, ओळ हलेना. पेन पक्क्या शाईचं होतं, खोक्यांवर पत्ते लिहायचं. सगळे हसून बेजार. आणि ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं असल्यामुळे दुसरं कुणी त्या वाटेला गेलं नाही. तेव्हापासून सगळे त्या ओळीच्या आजूबाजूला लिहितात. मला काय, मी तर मिरवायचो. भावंडांना शाळा मिळाली, पण छातीवर पदक कुणाच्या आहे?

भाची या कचेरीत आली ती मामामुळेच. शाळेत असताना त्यानं तिला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ही भाषा शिकवली होती, कांदे चिरता चिरता. मुलगी तरतरीत, पण पेनांची टोपणं चावते. माझ्या कडेच्या पट्टीवरचं एकही टोपण धड नाही. आणि तिच्या जोडीला एक बातमीदार. त्याचं हे टोपणनाव. भाषेत कुठे खुट्ट झालं की यानं ते वाचलेलंच असतं, आणि सांगताना श्वास घ्यायचं विसरतो.

तर मंडळी, सुरुवातीला सोमवारी पहिला पुढे यायचा तो मामा. मग भाषेची नवी, तिसरी आवृत्ती आली आणि बोलबाला झाला की दुसरी आता बंद होणार. म्हणजे ती चालेल, पण तिच्याकडे कुणी बघणार नाही, तिची दुखणी कुणी काढणार नाही. बातमीदार दर सोमवारी नवं नवं लिहायचा आणि मामा एकेक पाऊल मागे सरकायचा. आधी दुसऱ्या रांगेत, मग खिडकीशी, मग दाराशी. पुढे पुढे तर नेमका सोमवारी सकाळीच त्याला फोन यायचा. फोनवर कुणी नसायचं. भिंतीवर टांगलेल्याला सगळं दिसतं हो.

एकदा सगळे हसत असताना तो म्हणाला, ‘दुसरी आवृत्ती ज्या दिवशी निवृत्त होईल, त्या दिवशी मीही. आम्ही एका वयाचे.’ मंडळी आणखी हसली. भाची तेवढी हसली नाही. तिनं टोपण चावलं.

ती त्याच्या मागे लागली. मामा, हे वाच, मामा, ते बघ, तासभर बस माझ्यासोबत. तो म्हणायचा, उद्या बसू. या माणसाला नवं शिकता येत नव्हतं असं नाही. त्याला भीती होती की शिकायला बसलो आणि जमलं नाही, तर भाचीसमोर शोभा होईल. ज्या पोरीला हाताला धरून शिकवलं, तिच्यापुढे अडखळायचं कसं? हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पण कचेरी रिकामी असली की तो माझ्यासमोर उभा राहून आपल्या त्या ओळीकडे बघायचा आणि पुटपुटायचा. मला कान नसले तरी ऐकू येतं.

शेवटी बाईंनी ठरवलं की नव्या आवृत्तीवर जायचंच. भाची आणि बातमीदारानं सगळं काम नव्या आवृत्तीत बसवलं, चाचणीला एक दवाखाना राजी झाला आणि तिथे ती सुरू झाली. त्याच सकाळी तिथल्या काउंटरवरच्या बाईंचा फोन आला. मालकीणबाईंनी आवाज मोठा केला, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. काउंटरवरच्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, ‘पडद्यावर आलंय की तुमच्या आधी साडेतीन पेशंट. लोक मला विचारतायत अर्धा कोण. एक गृहस्थ पायाला प्लास्टर घालून बसलेत, ते म्हणतात अर्धा मीच.’

कचेरी हसून हसून लोळायची बाकी राहिली. बातमीदाराला ठसका लागला. भाचीनं एक नजर माझ्याकडे टाकली आणि तिला कळलं. बाकावर बसलेले सात, डॉक्टर दोन. सातला दोननं भागलं की जुनी भाषा तीन म्हणायची आणि उरलेला अर्धा गुपचूप पदराआड करायची. नवी भाषा सरळ साडेतीन म्हणते. चूक होती ती त्या एका ओळीतली. माझ्या छातीवरच्या.

मामाही हसला. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. मग जागेवर जाऊन बसला आणि दिवसभर चहालाही उठला नाही. त्या दवाखान्याला पुन्हा जुनं सॉफ्टवेअर जोडून दिलं, आणि दुसरी आवृत्ती बंद व्हायचा दिवस तर तोंडावर आलेला.

पुढच्या सोमवारी तो आला तेव्हा खांद्याला पिशवी होती. त्यानं टेबलावरचा आपला कप पिशवीत ठेवला, कॅलेंडर काढलं, बायकोचा फोटो काढला. मग माझ्यासमोर आला. सगळे चहा हातात धरून थांबले. तो म्हणाला, ‘ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. रीत आहे ना आपली?’

अहो, पक्की शाई काढायची युक्ती त्याला कधीपासून ठाऊक होती. पक्क्या शाईवर साध्या पेनानं गिरवायचं आणि ओलं आहे तोवर पुसायचं, दोन्ही निघतात. इतकी वर्षं त्यानं ती मुद्दामच केली नव्हती. आता त्यानं साधं पेन घेतलं आणि ‘पेशंट’मधला ‘पे’ गिरवून डस्टर फिरवलं. ‘पे’ फिकट झाला. माझ्या काळजात चर्र झालं. काळीज कुठून आणलं विचारू नका.

भाची पुढे आली. माझ्याजवळ येऊन त्याच्या हातातलं डस्टर तिनं काढून घेतलं.

‘पुसायचं तर पूस, मामा. तुझी ओळ आहे. पण आधी एक रेघ ओढ.’

‘कुठे?’

‘त्या तिरप्या रेघेच्या शेजारी. तशीच आणखी एक.’

मामानं ओढली. रेघ थोडी वाकडी आली.

‘झालं,’ ती म्हणाली. ‘आता सात भागिले दोन, तीन.’

‘आणि अर्धा?’

‘तो पूर्वी जिथे जायचा तिथेच गेला.’

मामानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला. ‘मग बदललं काय हिच्यात?’

‘पूर्वी ती तुला न विचारता अर्धा टाकून द्यायची. आता विचारते. एक रेघ ओढलीस तर ठेवते, दोन ओढल्यास तर टाकते.’

मला वाटलं, झालं, आता पुसतो. पण त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि तो एकदम बातमीदाराकडे वळला. दवाखान्यात किती वेळ थांबावं लागेल ते मिनिटांत दाखवतो ना आपण, तिथे मला अर्धं मिनिट हवंच होतं, तो म्हणाला. ही जुनी बया ते खाऊन टाकायची. तिच्या तावडीतून ते अर्धं मिनिट सोडवायला किती कोलांट्याउड्या मारल्यात मी, पानंच्या पानं लिहिलीत. आणि आता नुसती एक रेघ?

‘नुसती एक रेघ,’ भाची म्हणाली.

‘म्हणजे ती सगळी पानं काढून टाकता येतील?’

‘तूच सांगायचंस. कुठे अर्धा हवा आणि कुठे नको, ते तुझ्या डोक्यात आहे. आम्हाला रेघा माहीत आहेत, दवाखाने तुला माहीत आहेत.’

तो हसायला लागला. फोन आल्यावर हसला होता तसं नाही, पोटातून. म्हणाला, ‘एवढ्यासाठी मी दाराशी उभा राहत होतो होय? मला येत नव्हतं म्हणून नाही गं. तुझ्यासमोर चुकायची लाज वाटत होती.’

भाची म्हणाली, ‘मी कांदे चिरताना तुझ्यासमोर किती चुकले, मामा. तू कधी लाजू दिलंस का?’

मामानं डोळे पुसले. कांद्याचं नाव काढलं म्हणून असेल. मग पिशवीतून कप काढला आणि बाईंपुढे धरला. बाईंनी त्यात चहा ओतला.

पुढचे दिवस काय सांगू. दोघं शेजारी बसायची आणि जिथे जिथे भागाकार दिसेल तिथे विचारायची, रेघ एक की दोन? औषधाच्या गोळ्या, अर्धी चालते, एक. खाटा, अर्धी कशी चालेल, दोन. मामा चुकायचा, भाची टोकायची, आणि मग मामा तिची चूक काढून तिला सव्याज परत करायचा. कोलांट्याउड्यांची पानं निघाली त्या दिवशी तो पोरासारखा शीळ घालत होता. आता तर हा कचेरीचा शब्दच झालाय. चहा अर्धा हवा की पूर्ण, हे विचारायचं असलं तरी बाई म्हणतात, रेघ एक की दोन?

दुसरी आवृत्ती निवृत्त झाली. मामा झाला नाही. प्लास्टरवाले गृहस्थ आता धड चालतात असं ऐकतो, आणि त्या दवाखान्यात पडद्यावर अख्खी माणसंच येतात.

माझी ओळ अजून आहे. ‘पे’ जरा फिकट, बाकी ठणठणीत. पण तिच्यातली दुसरी रेघ साध्या शाईची आहे. आठवडाभरात कुणाची तरी बाही लागते, ती पुसली जाते. मग सोमवारी सकाळी मामा वाकून दारातून येतो, सगळ्यांत आधी माझ्याकडे येऊन ती रेघ पुन्हा ओढतो, आणि तिथेच पुढे उभा राहून विचारतो, ‘हं, नवं काय?’ त्याची ओळ, तेव्हा ती रेघ दुसऱ्या कुणी ओढायची नाही. म्हणून त्याला यावंच लागतं.

आता एक खासगीतली गोष्ट. पक्क्या शाईचं पेन भाचीनं दुसरी रेघ ओढली त्याच दिवशी लपवलंय, माझ्याच वरच्या पट्टीच्या मागे, धुळीत. खुर्चीवर चढून ठेवलं. मामानं विचारलं तर म्हणते, वाळलं, फेकलं. तिला वाटतं कुणाला ठाऊक नाही. पण मामाची उंची ती विसरली. मागे एका सोमवारी तो लवकर आला, माझी धूळ झटकायला हात वर घातला आणि बोटांना ते लागलं. त्यानं ते काढलं. टोपण उघडून बघितलं, शाई ताजी होती. टोपणावर चावल्याच्या खुणा होत्या. तो बराच वेळ हसत उभा राहिला. मग पेन होतं तिथेच परत ठेवलं आणि साध्या पेनानं रेघ ओढली.

तर माझी एवढीच विनंती. कधी इकडे आलात, तर त्या दोघांतल्या कुणालाही काही बोलू नका. आणि कधी घाईत माझ्यासमोरून जाताना तुमची बाही त्या रेघेला लागली, तर मुळीच वाईट वाटून घेऊ नका. सोमवार येतोच आहे.