टीव्हीच्या पेटीवरची नावं

हे पाय, गपचूप ऐक, मधात तोंड घालू नको.

उद्धव मास्तर दाढीच्या पत्तीनं टीव्हीची पेटी खरडून राह्यला होता, अन् गोपाळराव मांगं उभे राहून बोट दाखवून राह्यले होते.

“इथं अजून दिसते. पाय, ‘कै’ची मात्रा दिसते. साफ खरड.”

“खरडतोच आहो ना काका.”

“मी मेलो काय रे? सांग ना, मेलो काय? सकाळी दोन भाकरी खाल्ल्या मी!”

गोपाळरावच्या घरच्या सरोजिनीकाकू शाळेच्या पायरीवर पेटीकडं पाठ करून बसल्या होत्या. तोंडावर पदर.

“ते पुसल्याबिगर मी घरी येत नाही,” त्या पदरातूनच बोलल्या, “अन् सयपाक तं करतच नाही.”

झालं असं, का सरकारनं गावाले टीव्ही द्याचं कबूल केलं. आंध्रातल्या जैनथ मंडळातलं गाव, पैनगंगेच्या अंगानं, साल सत्त्याऐंशी. टीव्ही सरकारचा, सगळ्या गावानं पाहाचा. पण ॲंटेनाचा खांब, वायर अन् कुलपाची सागवानी पेटी, हे गावानं चंदा करून आणाचं. उद्धव मराठी शाळेत नवाच लागलेला, अंगात भलताच जोर. दोन महिने दारोदार फिरला. कोणी म्हणे कापूस निघू दे, कोणी म्हणे पयले शेजाऱ्यानं काय देलं ते सांग. एकानं तं इचारलं, टीव्हीत बातम्या संपल्यावर तो माणूस जेवाले कुठं जाते. शेवटी बारा जणायनं चंदा देला, तोही एका अटीवर: पेटीवर नाव पायजे. आपल्याकडं देवळातल्या पंख्याच्या पात्यावर राह्यते ना, तसं.

नावं लिवाले चंपत. गावात पेंटर तोच. दुकानाची पाटी तो, बैलगाडीवरचं नाव तो, मेलेल्यायच्या नावानं देलेले बाकडेही तोच रंगवते. उद्धवनं त्याच्या हातात यादी देली अन् ॲंटेना आणाले आदिलाबादले गेला. वापस येऊन पायते तं काय, एकूणएक मराठी नावाच्या आंधी ‘कै.’! कै. गोपाळराव. कै. भगवंतराव. गावातले धडधाकट माणसं, सगळे कैलासवासी. अन् उद्या दुपारी एमआरओ सायब, म्हणजे मंडळाचे तहसीलदार, उद्घाटनाले येऊन राह्यले.

“अरे, कै. म्हणजे काय, ठाऊक आहे काय तुले?” उद्धव ओरडला होता.

चंपतनं मान खाली घातली. “सवय आहे मास्तर. देणगीच्या वस्तूवर मेलेल्यायचंच नाव राह्यते नेहमी.”

“यादीत मी लिवलं होतं काय कै.?”

“नाही.”

“मंग?”

चंपत डबड्यात ब्रश बुडवत बसला. लय शिव्या खाल्ल्या त्यानं त्या दिवशी.

त्यात किराणावाला व्यंकटेश आला. त्याचं शिक्षण तेलुगूत, म्हणून त्याचं नाव चंपतनं तेलुगूत लिवलेलं. तो पेटीसमोर कमरेवर हात ठेवून उभा.

“मास्तर, हे बराबर नाही. सगळ्यायच्या नावाच्या आंधी ते मानाचं अक्षर लावलं, मलेच काऊन नाही? मी काय कमी चंदा देला?”

“शेठ, ते मानाचं नाही.”

“मंग सगळ्यायले काऊन लावलं?”

उद्धवनं कपाळाले हात मारला. गोपाळरावच तिकडून बोलले, “लाव रे त्याले! दोन लाव!”

नुसता वैताग. पत्तीनं बोट कापलं, पॉलिश गेलं, भगवंतरावच्या नावाचा ‘भ’ही अर्धा गेला, ते वेगळेच पेटले. उद्धव मनात म्हणे, याच्यापेक्षा सरकारनं टीव्हीच देला नसता तं बरं.

या सगळ्यात एकच बाई भांडाले आली नाही. द्वारकाबाई. ॲंटेनाचा खांब रोवला होता ना, त्याच्या सावलीत बसून होती. दुसऱ्याच्या वावरात निंदणं-खुरपणं करणारी बाई. तिनं बकरी विकून चंदा देला होता. तिचा पोरगा बाबाराव चार वर्षं झाले कामाले गेलता पैनगंगेच्या पल्याड, तो आलाच नाही. चिठ्ठी नाही, पत्ता नाही. उद्धवनंच तिले सांगतलं होतं, का टीव्हीवर हरवलेल्या माणसायचे फोटो दाखवते. त्यानंच अर्ज लिवला, बाबारावचा एकुलता एक फोटो लावून पाठवला. तवापासून ती रोज शाळेत याची. “मास्तर, कधी लागते जी टीव्ही?” अन् पेटीवर स्वतःचं नाव नको म्हणे, बाब्याचं लिवा. अचानक आला तं त्याले दिसन, आपली याद होती म्हणून.

ऊन उतरता उतरता दहा नावं साफ झाली. गोपाळराव काकूले घेऊन घरी गेले. राह्यलं शेवटचं. कै. बाबाराव. उद्धवनं पत्ती टेकवली तशी चंपतनं त्याचं मनगट धरलं.

“ते राहू द्या मास्तर.”

“सोड. डोस्कं आंधीच फिरलं आहे माह्यं.”

“बाकीच्यायचं मी खोटं लिवलं. हे नाही.”

उद्धवले आंधी समजलंच नाही. मंग हळूहळू समजलं. बाबाराव अन् चंपत संगच गेलते कामाले.

“वर्ध्याकडं विहीर खोदत होतो,” चंपत ब्रश पुसता पुसता बोलला. आवाज इतका लहान, का उद्धवले वाकून ऐका लागलं. “काठ खचला. तो खाली होता, मी वर. ठेकेदारानं त्याच दिवशी आमाले हाकललं.”

“अन् तू चार वर्षं…”

“मी सांगालेच आलतो. पयले तिच्याच दारात गेलो. तिनं पाणी देलं, अन् मी तोंड उघडाच्या आंधी तिनंच इचारलं, बाब्या मांगून येऊन राह्यला काय रे?” चंपतनं ब्रश खाली ठेवला. “मी हो म्हणलो. एकडाव हो म्हणलं, मंग कसं फिरवू?”

“अन् हे बाकीचे?”

“यादीत शेवटी होतं, तरी पयलं त्याचंच लिवलं. हाताले खोटं लिवताच येईना. लिवल्यावर भेव वाटला, एकट्याचंच दिसन. म्हणून सगळ्यायले लावलं. गाव शिव्या देते तं देऊ द्या.”

उद्धवनं पत्ती मांगं घेतली. कापलेलं बोट तोंडात धरून तसाच बसला.

तेवढ्यात द्वारकाबाई उठून पेटीपाशी आली. तिले वाचता येत नाही, पण दिवसभर बसून पाहून घेतलं होतं तिनं. एकेका नावाच्या आंधीच्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवत फिरवत ती शेवटच्या नावावर आली.

“मास्तर, सगळ्यायचं ते खरडलं,” ती म्हणे. “माह्या बाब्याचंच काऊन ठेवलं जी? काय लिवलं हे?”

चंपत जमिनीकडं पाहून राह्यला. उद्धवच्या हातात पत्ती तशीच.

आता तूच सांग मले, खरं सांगजो. उद्धवच्या जागी तू असता, तं काय केलं असतं?