बोटाएवढ्या डोंगलचा हेवा

मी एक जुना, वायरीचा फोन आहे. पोंभुर्ण्याला हरिदासभाऊंकडे मी १९९८ साली आलो. भाऊ मच्छीमार सोसायटीचे सचिव. तलावाच्या लिलावाचा निरोप असो की कुणाच्या बाळंतपणाचा, तो आधी माझ्याकडे यायचा. गल्लीतली माणसं माझ्यासाठी उंबऱ्यावर ताटकळत बसायची. मित्रांनो, अशा मानाची सवय फार वाईट!

२००९ साली भाऊंची मुलगी रीता बारावी झाली. नर्सिंगच्या प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती इंटरनेटवरून भरायची होती. जुना कॉम्प्युटर घरात आला. आता नेट कुठलं घ्यायचं?

लाइनमन लटारूभाऊ म्हणाले, "या फोनच्या वायरीतूनच नेट येते जी. पण अर्ज करा लागते, महिनाभर थांबा लागते."

मी आनंदलो. पण दुसऱ्याच दिवशी चंद्रपूरहून एक विक्रेता आला. त्याच्या हातात बोटाएवढं डोंगल होतं. ते कॉम्प्युटरला खोचलं आणि पाच मिनिटांत पान उघडलं. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले.

"मंग या फोनचं काय काम?" भाऊ म्हणाले. "सोमवारी कटवून टाकतो."

मी जळून खाक झालो. न वाजणारं, न बोलणारं ते एवढंसं पोर! रीता त्याला ओढणीने पुसायची. माझ्यावर धूळ साचत होती. ते बंद पडावं, असं मी रोज मनात म्हणत असे.

आणि ते बंद पडलं. नेमकं शनिवारी, पसंती भरायच्या शेवटच्या दिवशी. पाचपर्यंत मुदत होती आणि चार वाजले तरी पान उघडेना.

"बाबा, रेंजच नाई!" रीता रडू लागली. तिला रडताना पाहून मी खूश झालो, मित्रांनो. खरं तेच सांगतो.

"रडू नोको व. वरोऱ्याच्या स्वातीले लाव," भाऊ म्हणाले. स्वाती रीताची मावसबहीण. तिच्या घराखालीच नेट कॅफे होता. रीताने माझा रिसीव्हर उचलला. तिच्या गालावरचं ओलं मला लागत होतं. तेव्हा कुठे मला माझीच लाज वाटली.

"सांग, लिहून राह्यली मी," स्वाती म्हणाली. रीताने एकेका कॉलेजचं नाव, एकेक आकडा आणि शेवटी पासवर्डही सांगितला. पाचला सात मिनिटं कमी असताना मी वाजलो. "भरला व फॉर्म!" पलीकडून स्वाती म्हणाली.

सोमवारी भाऊ टेलिफोन ऑफिसात गेले, ते नेटचा अर्ज द्यायला. महिन्याभरात माझ्या वायरीवर हिरव्या दिव्यांची नवी पेटी बसली. आता मी तिचाही हेवा करतो. स्वभाव जात नाही.

मित्रांनो, नवं जरूर घ्या; पण ते आपल्या घरी नीट चालतं का, हे पाहिल्याशिवाय जुन्याची वायर तोडू नका. रीता आता नागपूरला शिकते. रविवारी तिचा फोन येतो, आणि भाऊंच्या आधी मला विचारल्यासारखी ती म्हणते, "कसं हाय?" तिच्या रडण्यावर मी खूश झालो होतो, हे तिला कुणी सांगू नका.