जांभळं कडं उमटलं नाही

मी एक जुनी काचेची परीक्षानळी आहे. औरंगाबादच्या एका दवाखान्यात मी सोळा वर्षं काम केलं. मित्रांनो, उपाशी माणसाची लघवी माझ्यात ओतून औषध घातलं, की जांभळं कडं उमटायचं. ते कीटोनचं. पोट रिकामं राहिलं की यकृत चरबीपासून हे दुसरं इंधन बनवतं, म्हणून अंगातली साखर पुरते. "ही नळी खोटं बोलत नाय," असं तंत्रज्ञ पुंडलिकराव म्हणायचे, तेव्हा मी सुखावायचे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. शहरात संचारबंदी होती. चिकलठाण्याच्या कारखान्यातला मजूर भिकन आपल्या चार वर्षांच्या मुलीला, बानाला, खांद्यावर टाकून धावत आला. मागे तिची आई मंजुळाबाई. पोरगी तापलेली, बेशुद्ध.

"कालपासून काईच खाल्लं नाय. झोपली म्हणून उठवलं नाय हो," मंजुळाबाई रडत होती.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. यकृत सुजलं होतं. रक्तात साखर जवळजवळ नव्हतीच. त्यांनी लगेच ग्लुकोज लावलं आणि बानाच्या नावाची चिठ्ठी लावून लघवी तपासायला पाठवली.

माझ्यात औषध पडलं. कडं आलंच नाही. पुन्हा करून पाहिलं, तरी नाही. मला धडकी भरली. मी मळले आहे का? माझ्यामुळं हे लेकरू जाणार का?

संचारबंदीत पुंडलिकरावही दीड दिवस उपाशी अडकले होते. त्यांनी मला घासून धुतलं आणि स्वतःचीच लघवी तपासली. जांभळं कडं झरकन उमटलं! माझ्यात खोट नव्हती. पण त्यानं माझी भीती आणखीच वाढली.

"बाई, नळी बरोबर हाय. पोरीच्या अंगातच ते बनत नाय," ते धापा टाकत म्हणाले.

डॉक्टरीणबाई भिकनकडे वळल्या. "हिला उपास सोसत नाही. दुसरं इंधन नाही, म्हणून सगळा भार साखरेवर येतो आणि ती संपते. चरबी यकृतात साचून राहते."

"मंग वाचंल का?"

त्या बानाची नाडी धरून तिच्या उशाशी बसल्या.

दुपार कलली तेव्हा बाना पुटपुटली, "आई, पाणी." भिकन पाणी आणायला धावला.

पुढं मंजुळाबाई तिला दर थोड्या वेळानं खाऊ घालू लागली. ताप आला की थेट दवाखाना गाठायची. यकृताची सूजही हळूहळू उतरली. मला मात्र तडा गेला आणि मी कपाटात पडले.

मित्रांनो, घरातलं तापलेलं लहान भावंड जेवत नसेल, नुसतं झोपत असेल, तर त्याला हाक मारा, हलवून उठवा. उठलं नाही तर लगेच मोठ्यांना सांगा. बाना अजून तासभर तशीच निजली असती, तर तिच्या नावाची चिठ्ठी माझ्यापर्यंत आलीच नसती.