बिनधुराची धग

मित्रांनो, आष्टीच्या आठवडी बाजारात एकतीस वर्षांपूर्वी विकत घेतलेली पत्र्याची शेगडी म्हणजे मी. माझ्या तीन पायांपैकी एक गंजून आखूड झाला आहे, म्हणून मला उभं करताना त्याखाली खापराचा तुकडा सरकवावा लागतो. दिसायला मी काही देखणी नाही. तरी माझी हकिकत तुम्ही शेवटपर्यंत ऐकावी, कारण शेवटी मला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

नत्थूजी लोहारांनी मला घडवलं. तेलाचं जुनं पिंप कापून त्यांनी माझं अंग केलं, मधोमध जाळी बसवली, राख काढायला पोटाला चौकोनी तोंड ठेवलं आणि आतून मातीचा जाड लेप दिला. मी आठवडाभरसुद्धा दुकानात राहिले नाही. वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेचे किराणा दुकानदार प्रभाकरराव आणि त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई बाजाराला आले होते. सुलोचनाबाईंना आठवा महिना होता. त्यांनी मला उचलून, उलटीपालटी करून पाहिलं.

"लेकरू यायचं हाय घरात. धग चांगली देईन न?" त्यांनी विचारलं.

"बाई, पत्रा जाड लावला हाय," नत्थूजी म्हणाले. "तुमचे नातवंडंबी हिच्यावरच शेकून घेतीन."

महिनाभराने निकेशचा जन्म झाला आणि मी कामाला लागले. रोज सकाळी सुलोचनाबाईंची सासू मला अंगणात पेटवी. कोळसे लाल होऊन त्यांच्यावर राखेची साय धरेपर्यंत ती मला आत येऊ देत नसे. मग मला बाळंतिणीच्या बाजेखाली ठेवत. वरून ओवा आणि लसणाची सालं पडली की खोलीभर वास सुटायचा. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या लावून घ्यायची आमच्याकडे रीत आहे. त्या घराचं छप्पर कवेलूंचं, म्हणजे मातीच्या कौलांचं होतं. दारं लावली तरी कवेलूंच्या फटींतून घर आपला श्वास घेत असे. त्यामुळे शेगडी आणि बंद खोली यांविषयी कुणाला काही सांगायची वेळच कधी आली नव्हती. धूर बाहेर गेला की शेगडी आत आणायची, एवढंच ज्ञान सासूने सुनेला दिलं.

निकेश मोठा झाला तसं माझं काम कमी झालं. गॅस आला, हिटर आला. हुरड्याच्या दिवसांत माझी आठवण व्हायची, एरवी मी माळ्यावर फुटक्या बादलीच्या शेजारी पडून असे. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? एका कुळाचा वारस शेकून काढलेली मी, आणि माझ्या पोटात उंदराने घर केलं होतं.

प्रभाकरराव गेल्यावर दुकान बंद झालं. निकेश इंजिनिअर झाला होता. एका रस्ता बांधणाऱ्या कंपनीने त्याची बदली लडाखात द्रासला केली. त्याची बायको दिपाली हिला दुसरा महिना लागला होता आणि तिला आई नव्हती. सुलोचनाबाईंनाही मागे एकटं ठेवायचं नाही, म्हणून तिघांनीही जायचं ठरलं. दिवाळीला दोघी बायका बाळंतपणासाठी वर्ध्याला परततील, असा बेत होता. सामान बांधताना सुलोचनाबाईंनी मला माळ्यावरून काढलं.

"आई, हे काऊन घेतलं?" निकेश म्हणाला. "तिथं घरोघरी खोली गरम करायची बुखारी असते."

"राहू दे. तुले शेकलं हाय तिनं. तुयी बुखारी आपल्या लेकराले ओयखते काय?"

मला त्या बोलण्याचा किती अभिमान वाटला होता, ते आज सांगतानाही लाज वाटते. जुन्या लुगड्यात गुंडाळून मी सेवाग्रामच्या स्टेशनवर गाडीत चढले आणि पाच दिवसांनी जिथे उतरले तिथे मे महिन्यातही डोंगरांच्या माथ्यावर बर्फ होता.

सुलोचनाबाईंचं मन तिथे रमलं नाही. ऑगस्टपासूनच त्यांनी दोन स्वेटर चढवले. तोंडी लावायला साधी पालेभाजी मिळेना, बोलायला माणूस मिळेना. शेजारी एक चाची होती, तिच्याशी त्या मोडक्या हिंदीत बोलत. दिवाळी जवळ आली तेव्हा दिपालीचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरणीने प्रवास करायचा नाही म्हणून बजावलं. तिला बरं वाटेपर्यंत घाटात बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. आता एप्रिलपर्यंत जाणं नाही. त्या दिवशी सुलोचनाबाईंनी निकेशला लाकडी कोळशाचं पोतं आणायला सांगितलं.

जानेवारीत दिपालीला मुलगी झाली. पाच दिवसांनी मायलेकी दवाखान्यातून घरी आल्या. नत्थूजींचं बोलणं खरं झालं म्हणून मी मनातल्या मनात फुलून गेले. बुखारी पुढच्या खोलीत होती आणि तिचा पाइप छपरातून बाहेर गेलेला होता. बाळंतिणीची खोली आतली. तिच्या खिडकीला निकेशने थंडीसाठी दुहेरी प्लॅस्टिक ठोकलं होतं. सुलोचनाबाई मला बाहेर बर्फात पेटवत आणि निखारे झाले की आत आणत. दार मात्र दुपटी नेण्या-आणण्यामुळे सारखं उघडत असे. आठ दिवस असेच गेले.

चाचीने एकदा मला आत पाहिलं. ती म्हणाली, "अम्मा, इसको अंदर मत रखो. अच्छा नहीं होता."

"धुआं नहीं होता ना इसका," सुलोचनाबाईंनी हसून सांगितलं. "हम बाहर से जला के लाते. देखो, है क्या धुआं?"

धूर नव्हताच. चाचीने मान हलवली आणि ती गेली. आमच्याकडे सात पिढ्यांत कुणी चुकलं नव्हतं, मग सुलोचनाबाईंना शंका कशी यावी?

नवव्या दिवशी सकाळपासून बर्फ पडत होता. वीज गेली होती, निकेश रस्त्यावरचा बर्फ काढायच्या कामावर होता. दुपारी मायलेकींची आंघोळ झाली. दाराखालून गार वारा येत होता. सुलोचनाबाईंनी मला भरपूर भरून आत आणलं, दार लावलं आणि ज्या लुगड्यात मी वर्ध्याहून आले होते तेच लुगडं दाराच्या फटीत कोंबलं. मग त्या माझ्याजवळ जमिनीवर बसून हात शेकायचे आणि बाळाचे पाय चोळायचे, असं करत राहिल्या.

थोड्या वेळाने दिपाली म्हणाली, "आई, डोकं लय दुखून राह्यलं. दार उघडा न थोडं."

"ओली बाळंतीण तू. वारा लागला त जन्मभर कंबर धरून बसशीन. नीज माय, मी हाव इथंच."

त्यांनी बाळाला आईच्या कुशीत ठेवलं. मित्रांनो, माझे निखारे तेव्हा नीट जळत नव्हते. मला हवा पुरत नव्हती आणि मी जे बाहेर टाकत होते त्याला ना रंग होता, ना वास. सुलोचनाबाईंची मान हळूहळू माझ्या बाजूला कलली. मला वाटलं, डुलकी लागली. मला जीभ असती तरी मी काय ओरडले असते? मलाच काही कळलं नव्हतं.

चाची रोज दुपारी बाळंतिणीसाठी गरम सूप आणायची. तिने आतल्या दारावर थाप मारली. दुसरी मारली. त्या आवाजाने दिपालीने डोळे उघडले, उठायला गेली आणि पलंगावरून खाली पडली. पायांत बळ नव्हतं. ती कोपरांवर सरपटत दारापर्यंत गेली आणि तिने लुगडं ओढून काढलं. चाचीने दार ढकललं, मला पाहिलं आणि काहीही न विचारता आधी बाळाला उचलून बाहेर नेलं. मग दिपालीला काखेत धरून ओढलं. सुलोचनाबाईंना सगळ्यांत शेवटी नेलं. त्यांना विचारलं असतं तर त्यांनीही हाच क्रम सांगितला असता.

बाळ रडलं. दिपालीला संध्याकाळी दवाखान्यात शुद्ध आली. सुलोचनाबाईंना आली नाही.

डॉक्टरांनी निकेशला समजावून सांगितलं, की कोळसा बंद खोलीत जळला की विषारी वायू तयार होतो आणि धूर नसला तरी तो माणसाचा जीव घेतो. निकेश घरी आला, त्याने मला लाथ मारली आणि मी दारापुढच्या बर्फात जाऊन पडले. दुसऱ्या दिवशी चितेची लाकडं ओली निघाली. ती पेटेनात, तेव्हा नातीसाठी आणलेल्या कोळशाचं उरलेलं पोतं लोकांनी चितेवर रिकामं केलं. ते पोतं घरातून जाताना मी बर्फातून पाहिलं.

तीन महिने मी तिथेच गंजत पडले. घाट उघडला, निकेशने राजीनामा दिला, सामान गाडीत चढलं. बर्फ वितळून मी उघडी पडले होते.

"टाकून दे तिले," निकेश म्हणाला. "मले दिसली नाई पाह्यजे."

"तिचा काय दोष? आईचाबी नाई," दिपाली म्हणाली. "आपल्याले कोणालेच माहीत नोतं." तिने माझ्या पोटातला चिखल बोटांनी काढला आणि मला पोत्यात घातलं.

मुलीचं नाव आचल. आता ती तीन वर्षांची आहे. आम्ही पिपरी मेघेलाच राहतो. मला वाटलं होतं, ते संकट बर्फातच राहिलं. पण गेल्या महिन्यात शेजारच्या आनंदाबाई आल्या. त्यांची लेक सुरभी बाळंत होऊन नव्या फ्लॅटमध्ये आली आहे. तिथे कवेलू नाहीत, स्लॅब आहे, आणि खिडक्यांना सरकत्या काचा आहेत.

"दिपाली, तुयी शेगडी दे बरं चार दिवस," त्या म्हणाल्या.

दिपालीने माझ्यावरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाली, "देतो काकू. पण संगं मीबी येतो."

तिने मला अंगणात पेटवलं, निखारे केले आणि स्वतःच्या हाताने त्या फ्लॅटमध्ये नेलं. आत शिरताच तिने खिडकीची काच पूर्ण सरकवली आणि दाराला पाटा लावून ठेवला.

"अवं, बाळंतिणीले वारा लागते न," आनंदाबाई म्हणाल्या.

"लागू द्या," दिपाली म्हणाली.

आणि ती माझ्याजवळ जमिनीवर बसली, जिथे तिची सासू बसली होती तितक्याच अंतरावर. शेक होईपर्यंत ती उठली नाही. मग तिने मला आत धग असतानाच उचलून बाहेर नेलं आणि माझ्यावर पाणी ओतलं. तेव्हापासून ती रोज तसंच करते.

मित्रांनो, माझं मागणं एवढंच. मला कोंडू नका. ज्या खोलीची खिडकी तुम्ही उघडी ठेवणार नाही, त्या खोलीत मला नेऊ नका, घरात कितीही लाडकं माणूस थंडीने कुडकुडत असलं तरी. माझा धूर दिसत नाही याचा भरवसा धरू नका. तो भरवसा सुलोचनाबाईंनी धरला होता, आणि माझ्याजवळ बसूनच त्या गेल्या.