पेल्यात कोंडलेला मधुमेह

आजार बरे करणाऱ्या बाबांच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. आजारी माणसाने मधासारख्या दाट द्रवाचा पेला हातात धरून आजाराचं नाव घ्यायचं. बाबा त्यात कृपेचे थेंब टाकून ढवळत. थोड्याच वेळात पेला चटका बसेल इतका तापे आणि द्रवाचा दगड होई. आजार आत कोंडला गेला! पुरावा म्हणून बाबा दगड ज्योतीवर धरत. तो काळा पडे, पण वितळत नसे. मोठ्या आजाराला मोठा पेला, आणि तो जास्त तापे. बाबांचं सगळं कसं शिस्तशीर होतं.

तिथे येणाऱ्या दोघी बहिणींपैकी थोरलीचा मधुमेह असाच कोंडला गेला होता. चार दिवस तिने इन्सुलिन घेतलं नव्हतं. घशाला कोरड पडत होती. बाबा म्हणाले, आजार निघून चाललाय.

धाकटी फायबरच्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात मुकादम होती. तिने तो दगड नाकाशी नेला. हा वास तर रोज तिच्या कपड्यांना येत असे. आधी तिला हसू आलं, मग बहिणीच्या सुकलेल्या ओठांकडे बघून रागच आला.

त्याच दुपारी ती बहिणीला घेऊन सभागृहात गेली. कारखान्यातून आणलेल्या रेझिनमध्ये, म्हणजे टाक्यांसाठीच्या तशाच दाट द्रवात, तिने सगळ्यांदेखत तो घट्ट करणारा हार्डनर मिसळला. अर्धं पेल्यात ओतलं, अर्धं थाळीत पसरलं. आजार कुणाचा, असं बाबांनी विचारलं. कुणाचाच नाही, ती म्हणाली.

पेला तापला. थाळी जेमतेम कोमट झाली, पण जरा उशिरा का होईना, तीही घट्ट झाली.

"थाळीत श्रद्धा पातळ झाली," बाबा म्हणाले.

"उष्णता पातळ झाली," धाकटी म्हणाली. "हार्डनर पडला की आतले कण एकमेकांना घट्ट बांधले जातात आणि त्यातून उष्णता निघते. खोल पेल्यात ती अडकते, म्हणून काम आणखी वेगाने होतं. थाळीतून ती उडून जाते. एकदा बांधले गेले की ते कण सुटत नाहीत. म्हणून हा दगड जळेल, पण वितळणार नाही. आमच्या टाक्याही वितळत नाहीत. त्यांनी अजून कुणाला बरं केलेलं नाही."

मग तिने पिशवीतून साखर मोजायचं यंत्र काढलं आणि बहिणीचं बोट पुढे घेतलं. आकडा आला चारशे बारा. थोरलीने तो दोनदा वाचला.

"दवाखान्यात चल," ती हळूच धाकटीला म्हणाली.

पेला तापला, हे खरंच होतं. पण त्यावरून एवढंच कळतं की पेला तापला. रक्तातली साखर उतरली की नाही, हे रक्तालाच विचारावं लागतं.