दिसतं त्यानं बोलावं

काच उचलायला दोघं लागतात, आणि त्या दोघांत बोलायचं एकानंच. काचेच्या धंद्यातला हा नियम कुठे लिहिलेला नाही. एकदा काच फुटली की आपसूक पाठ होतो. पुढचा उलटा चालतो, त्याला वाट दिसत नाही. मागच्याला सगळं दिसतं. म्हणून मागच्यानं "पायरी", "डावीकडे", "उंबरा", "सपाट" असं सांगत राहायचं आणि पुढच्यानं मुकाट ऐकायचं. काच हातात असताना इकडचं तिकडचं बोलणं बंद. घर पेटलं तरी आधी काच खाली टेकवायची, मग काय बोंब मारायची ती मारायची.

या दुकानात मागे असायची काचवाली, आणि पुढे उलटा चालायचा तिचा नवरा. उचलताना मात्र दोघं एका दमात बोलत: "एक, दोन, हं!" ती सवय इतकी अंगात मुरली होती की काच नसली तरी सुटत नसे. कुणी चहा घेणार का विचारलं तर दोघं एकदम "हो". दुकान उद्या उघडं आहे का, तर दोघं एकदम "आहे". गिऱ्हाइकं हसायची. सासू म्हणायची, "दोन तोंडं आणि एक जीभ. देवानं एक जीभ वाचवली बघा."

जुळ्या मुली झाल्या त्याला चार वर्षं होऊन गेली होती. मुली मोठ्या झाल्या, पण पोट काही माघारी आलं नाही. बेंबीखाली कातडीची घडी लोंबत राहिली. उन्हाळ्यात त्या घडीत पुरळ उठायचं, आग आग व्हायची. काचवाली खायची मोजकं, वजन आटोक्यात होतं, दिवसभर काचा उचलून दंड दगडासारखे झाले होते. पण घडी जागची हलली नाही. आणि अलीकडे मोठी काच उचलली की कंबर धरायची.

त्यात धंदा काचेचा आणि आरशांचा. दुकानात जिकडे बघावं तिकडे आरसे. काचवालीनं ते सगळे भिंतीकडे तोंड करून ठेवले होते. गिऱ्हाइकानं मागितला की एक वळवून दाखवायची, की पुन्हा भिंतीकडे. नवरा लोकांना सांगायचा, "धूळ बसते ना, म्हणून." तीही मान डोलवायची.

शेवटी एक दिवस तिनं पोटातलं ओठावर आणलं. पोटाचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणाली.

सासूनं हातातली वाटी खाली ठेवली. "धडधाकट पोट कापून घ्यायचं? अगं, दोन लेकरं झाली की पोट असंच होतं. माझं बघ."

"बघितलं," काचवाली म्हणाली. "म्हणूनच जाते."

नवरा हसला, मग आईचं तोंड बघून हसायचा थांबला. पण दवाखान्यात तो बरोबर गेला, दुकान बंद ठेवून. तेवढं त्याच्याबद्दल सांगायलाच हवं.

दवाखाना वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद, कठड्याचा रंग उडालेला. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, बोलणं सरळ. त्यांनी काचवालीला पलंगावर झोपवलं, डोकं थोडं उचलायला सांगितलं आणि पोटाच्या मधोमध बोटं दाबली.

"पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत. बोटं आत जातात, बघा. कंबर दुखते ती यामुळेही असू शकते. दुसरं काय त्रास देतं?"

"पुरळ."

"आणि?"

काचवालीनं कपडा पोटावर ओढून घेतला.

"ताकाला आलात तर भांडं लपवू नका," बाई म्हणाल्या. "आरशात बघवत नाही असं सांगणाऱ्या रोज येतात. त्यात लाज कसली?"

"कंबरच," काचवाली म्हणाली, आणि कपडे नीट करून उठली.

मग बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि एकेक गोष्ट कानावर घातली. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नव्हे, गैरसमज असेल तर आत्ताच काढून टाका. या कमरेपासून त्या कमरेपर्यंत व्रण राहणार. फिका होईल, जाणार नाही. बेंबीला नव्यानं जागा करावी लागेल. आतलं पाणी काढायला नळ्या घालाव्या लागतील, पट्टा बांधावा लागेल. सुरुवातीला कमरेत वाकून चालायचं, ताठ व्हायची घाई करायची नाही. बेंबीखाली बरेच महिने बधिर वाटेल, काहींना थोडं कायमचंही राहतं. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते, जखम चिघळू शकते. क्वचित होतं, पण होतं. "आणि सहा आठवडे जड उचलायचं नाही. मुलींनासुद्धा नाही."

सासू म्हणाली होती, हौसेला मोल नसतं. इथे तर मोलच मोल होतं. काचवालीनं सगळं ऐकलं आणि तिला जराही माघार घ्यावीशी वाटली नाही. याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"आता मी विचारते, त्याची उत्तरं द्या," बाई म्हणाल्या. "विडी, सिगारेट, तंबाखू?"

"नाही," दोघं एकदम म्हणाली.

"रक्त पातळ करायची औषधं?"

"नाही," पुन्हा एकदम.

बाईंना हसू आलं. "जोडी छान आहे. बरं, आणखी मूल हवंय?"

"नाही," काचवाली म्हणाली.

"हो," नवरा म्हणाला.

त्याच क्षणी, त्याच दमात. एक, दोन, हं! काच उचलताना एक बाजू वर जावी आणि दुसरी खालीच राहावी, तसं झालं. नवऱ्यानं जीभ चावली. काचवालीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती टेबलावरच्या काचेकडे बघत राहिली. त्या काचेच्या कडा नीट घासलेल्या नव्हत्या.

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "हे आधी घरी ठरवा. नंतर दिवस राहिले तर बाळाला काही होतं असं नाही. पण मी आवळलेलं पुन्हा सैल पडेल, आणि तुम्ही सोसलेलं फुकट जाईल. एक उत्तर झालं की या. त्याआधी मी सुरी हातात धरणार नाही."

घरी सासूनं "काय म्हणाली डॉक्टरीण?" विचारलं. या वेळी दोघं एकदम "काही नाही" म्हणाली. सासू शहाणी होती, तिनं पुढे विचारलं नाही.

असेच दिवस गेले. जेवणं होत, मुली झोपत, काचा कापल्या जात. बोलणं तेवढं होत नव्हतं. काचवाली मनात म्हणायची, चार वर्षांत हा एकदाही तिसरं हवंय म्हणाला नाही. नवरा मनात काय म्हणायचा ते तिला कळत नव्हतं, आणि विचारायचं तर उत्तराची भीती. त्यानं हट्ट धरला तर? सासू त्याच्या बाजूची, मुलींना भाऊ-बहीण हवंच असं म्हणणारे शेजारी त्याच्या बाजूचे. आपल्या बाजूला कोण, तर भिंतीकडे तोंड केलेले आरसे.

मग केस कापायच्या एका नव्या दुकानातून मोठ्या आरशाची मागणी आली. दुकान तिसऱ्या मजल्यावर, आणि आरसा लिफ्टमध्ये मावेना. "एक, दोन, हं!" झालं आणि दोघं जिना चढू लागली. तो पुढे, उलटा. ती मागे. "पायरी. पायरी. उजवीकडे. थोडं वर. सपाट." बऱ्याच दिवसांनी ती त्याच्याशी एवढं बोलत होती.

दुसऱ्या मजल्यावर तिच्या कमरेत चमक भरली. "खाली," ती म्हणाली. त्यांनी आरसा जुन्या गादीच्या तुकड्यावर टेकवला, भिंतीला रेलून उभा केला. काच खाली आली, म्हणजे बोलायला मोकळीक.

काचवाली घाम पुसायला वळली, तर समोर आरसा. त्यात ती अख्खी, डोक्यापासून पायापर्यंत. ती झटकन पाठ करून उभी राहिली, अगदी चटका बसल्यासारखी.

नवऱ्यानं ते बघितलं. त्यानं चष्मा काढून पुसला, मग पुन्हा घातला.

"दुकानातले आरसे," तो हळूच म्हणाला, "तू भिंतीकडे करतेस ते धुळीसाठी नाही ना?"

"नाही."

"कधीपासून?"

"मुली झाल्यापासून."

"आणि मी सगळ्यांना धूळ म्हणून सांगत बसलो." तो पायरीवर बसला. "मला कळलं कसं नाही गं?"

"मी कळू दिलं नाही. तुम्हाला नाही, कुणालाच नाही. डॉक्टरणीलाही कंबर म्हणून सांगितलं." आता सुरुवात झालीच होती, तर तिनं सगळंच सांगून टाकलं. "अहो, मला माझं पोट बघवत नाही. मी आंघोळ करते ती दिवा बंद करून. तुम्ही जवळ आलात की मी आधी पांघरूण ओढते. ते दोघींना देऊन झालं. आता मला माझं परत हवंय. तिसऱ्याला द्यायला माझ्याकडे उरलेलं नाही, आणि उरलं असतं तरी मी दिलं नसतं. मला वाईट म्हणा हवं तर."

"वाईट कोण म्हणतंय?"

"मग 'हो' कशाला म्हणालात? चार वर्षांत कधी बोलला नाहीत."

त्यानं पायरीवरची धूळ बोटानं पुसली. "मुली झाल्या तेव्हा मी कुठे होतो? त्या लांबच्या इमारतीच्या कामावर, वर्षभर. परत आलो तर दोघी चालत होत्या. धाकटी मला 'काका' म्हणाली. आठवतं?"

तिला आठवत होतं. सगळे हसले होते, तोही हसला होता.

"त्यांना दात आले ते मी बघितलं नाही. पहिल्यांदा कुशीवर वळल्या ते नाही. मला वाटायचं, अजून एक झालं तर मी जागचा हलणार नाही. एकदा तरी सगळं बघेन." त्यानं मान खाली घातली. "एवढंच. मूर्खपणा आहे."

"मूर्खपणा नाही," ती म्हणाली. तिला त्याची कीव आली, माया आली, आणि रागही गेला नाही. तिन्ही एकदम. "पण उत्तर माझं तेच आहे."

वरून कुणीतरी हाक मारली, आरसा आणताय की नाही म्हणून. "आलो," दोघं एकदम ओरडली. मग तो उठला, त्यानं आपली बाजू धरली. या वेळी जास्त भार त्यानं आपल्याकडे ओढून घेतला. "एक, दोन, हं!"

तो काय ठरवतोय ते त्यानं सांगितलं नाही. दोन दिवसांनी म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ." बस्स. काचवालीनं कपडे बदलले. तो बाईंसमोर "हो" म्हणाला तर बाई सुरी धरणार नव्हत्या, आणि एकटीनं भांडून घर मोडायची तिची तयारी नव्हती. हेही तिला दवाखान्याचा जिना चढताना कळलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ठरलं? मग तोच प्रश्न. आणखी मूल हवंय?"

एकदम उत्तर यायची सवय होती. या वेळी कुणीच बोललं नाही.

"तिला विचारा," नवरा म्हणाला. "मी उलटा चालतोय."

"म्हणजे?"

"वाट तिला दिसते. दिसतं त्यानं बोलावं. आमच्यात तसंच असतं."

बाईंना काही कळलं नाही, पण त्या काचवालीकडे वळल्या.

"नाही," काचवाली म्हणाली. मग पुढे म्हणाली, "आणि मागच्या वेळी मी भांडं लपवलं. आरशात बघवत नाही, तेही आहे."

बाईंनी मान हलवली. "सहा आठवडे मुलींना उचलणार कोण? आंघोळी, जेवणं, रात्रीचं उठणं?"

"मी," नवरा म्हणाला. "मोठ्या काचेची कामं घेणार नाही. घरीच राहीन."

बाईंनी तारीख दिली, तपासण्या सांगितल्या. ती उठली. तिचं काम झालं होतं, तिला हवं तेच झालं होतं, आणि तरी तिला दाराबाहेर पाय टाकवेना.

जिन्यावर तो पुढे झाला. दोन-तीन पायऱ्या उतरला आणि थांबला. त्यानं चष्मा काढून खिशात ठेवला, बाहीनं डोळे पुसले. त्याचे खांदे हलत होते. त्यानं मागे वळून बघितलं नाही. मग पाय पुढे टाकला तो चुकला, आणि त्यानं कठडा धरला.

ती एक शब्द, 'हो', बोलली असती तर त्याला सगळं मिळालं असतं. तो शब्द तिला माहीत होता. तो तिनं उच्चारला नाही.

ती त्याच्या मागे, एक पायरी वर उभी राहिली.

"पायरी," ती म्हणाली.

त्यानं पाय टाकला.

"पायरी. अजून एक. उजवीकडे वळा." तिचा आवाज फुटला, तिनं तो सावरला. "पायरी. शेवटची. हं, सपाट."