इच्छांचा डबा आणि हळदीची सुपारी

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. मित्रांनो, माझ्या झाकणावर एके काळी गुलाबाचं फूल आणि दोन मोर होते. आता एक मोर आणि दीड पाकळी उरली आहे. तरीही मला कुणी 'रिकामा डबा' म्हटलेलं खपत नाही, कारण माझं पोट आजवर फारसं रिकामं राहिलेलं नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. पत्रा कापला, वाकवला, रंगवला आणि आत बिस्किटं भरली, एवढंच कळलं. राजशेखर अप्पांच्या लग्नात कुणीतरी मला आहेरात दिलं आणि मी परभणी जिल्ह्यातल्या पालम गावी आलो. बिस्किटं दोन दिवसांत फस्त झाली. मग कितीतरी वर्षं मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याचे लाडू सांभाळले. ते माझे खरे सुखाचे दिवस, कारण मला उघडणारा प्रत्येक जण हसतच उघडायचा.

पुढे घरात स्टीलचे डबे आले आणि माझी रवानगी अप्पांच्या दुकानात झाली. हे दुकान बसस्टँडसमोर आहे. तिथे लोकांचे अर्ज भरून देतात, दाखले काढतात, पासपोर्ट फोटो काढतात. उरलेसुरले फोटो माझ्यात पडू लागले. सगळे चेहरे गंभीर, कारण अप्पा फोटो काढताना दर वेळी बजावायचे, "हसू नका, फॉर्म परत येतो." लाडवांनंतर असले चेहरे पोटात घ्यायचे म्हणजे माझ्यासारख्याला जडच गेलं. मग फोटोही मोबाइलवर जाऊ लागले आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथे दोन वर्षं एका पालीशिवाय माझी कुणी विचारपूस केली नाही.

मागच्या मे महिन्यात मला खाली काढलं ते ऋतुजानं. ऋतुजा ही अप्पांची मुलगी. ती पुण्यात संगणकाचं काम करते आणि दोन-तीन महिने घरून काम करायला आली होती. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी फावल्या वेळात एक नवं ब्राउझर बनवत होत्या. ब्राउझर म्हणजे इंटरनेटवरची पानं उघडून दाखवणारा प्रोग्रॅम, हे मी तिच्याच तोंडून ऐकलं. त्याचं नाव त्यांनी 'पाऊलवाट' ठेवलं होतं. मी तेव्हापासून त्याला ओळखीचंच समजतो.

"पुण्यात बसून लोकांना काय हवं असेल याचा नुसता अंदाज करतो आम्ही," ती अप्पांना म्हणाली. "इथल्या माणसांनाच विचारते ना."

तिनं पेचकस आणि हातोडी घेऊन माझ्या झाकणाला लांबट फट पाडली. दुखलं, खोटं कशाला सांगू? पण त्या फटीमुळे मला पुन्हा काम मिळालं. माझ्यावर कागद चिकटला : 'नव्या ब्राउझरमध्ये तुम्हाला काय हवं ते लिहून डब्यात टाका.' त्याखाली अप्पांनी स्वतःच्या अक्षरात जोडलं, 'तोंडी सांगू नये.' गिऱ्हाईक बोलत बसलं की खोळंबा होतो, हा त्यांचा रोजचा त्रास होता.

मित्रांनो, माणसांच्या पोटात किती इच्छा असतात हे मला माझ्या पोटात त्या पडल्यावर कळलं. सिताराम काका एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, दिवसभर दुकानातल्या बाकावर बसून सुपारी कातरणारे. त्यांनी लिहिलं, 'अक्षरं एसटीच्या पाटीएवढी पाहिजेत.' बांगड्यांच्या दुकानातल्या महेश्वरीला ब्राउझरचा रंग रोज तिच्या साडीला मिळताजुळता हवा होता. निवृत्त शिक्षक व्यंकटराव गुरुजींना शुद्धलेखनाच्या चुकांभोवती लाल गोल हवे होते. कुणाला वरच्या पट्टीवर सोयाबीनचा भाव हवा, कुणाला गंगाखेडच्या गाडीची वेळ. एकानं लिहिलं होतं, 'चुकून मागं जायचा बाण दाबला तर ब्राउझरनं आधी विचारावं, खरंच जायचं का.' आणखी एकाची मागणी अशी की उघडल्या उघडल्या त्यानं 'जेवलात का' म्हणावं.

ऋतुजा रोज वरवरच्या चिठ्ठ्या काढायची आणि प्रत्येक इच्छा पुरी करायला बसायची. नाही म्हणणं तिच्या रक्तातच नव्हतं. तिची चन्नबसम्मा आत्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, रोज सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली की दुकानात येऊन बसायची. या घरात दारी आलेल्याला काही ना काही दिल्याशिवाय पाठवत नाहीत, हे आत्यानंच तिला लहानपणापासून शिकवलेलं.

आता मला माझं एक दुःख सांगू द्या. पहिल्याच आठवडी बाजाराच्या दिवशी राणीसावरगावच्या धुरपताबाई भाजीची पाटी बाहेर ठेवून दुकानात आल्या होत्या. त्यांनी माझ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. बाकावर गुरुजी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवत होते, 'तोंडी सांगू नये.' धुरपताबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांनी कनवटीची एक पुडी सोडली, कागदात गुंडाळून माझ्या फटीतून आत सरकवली आणि वाकून हळूच म्हणाल्या, "पोरीचं लिहिल्यालं जाऊ नगं बाबा. औंदा तरी जाऊ नगं."

मी ऐकलं. पण माझं तोंड फक्त आत घेण्यापुरतं आहे. ती पुडी जड होती, तळाशी गेली आणि तिच्यावर चिठ्ठ्यांचा ढीग साचत गेला. कुणी मला उचललं की मी जोरात खडखडायचो. अप्पांना वाटलं झाकण सैल झालंय, म्हणून त्यांनी कडेला कापूस कोंबला. इतका अपमान माझा पालीनंही केला नव्हता.

दहा दिवसांत 'पाऊलवाट' ओळखू येईना. वर भावांची पट्टी, खाली गाड्यांची पट्टी, बाजूला बटणांच्या तीन रांगा आणि त्या दिवशी महेश्वरीची साडी गर्द जांभळी. मधे उरलेल्या जागेत सिताराम काकांच्या आवडीच्या अक्षरात एका वेळी एकच शब्द मावायचा. अप्पा अर्ज भरायला बसले तेव्हा पडद्यावर फक्त 'अर्जदाराचे' एवढंच दिसत होतं. पुढे सरकायला गेले तर ब्राउझरनं विचारलं, 'खरंच जायचं का?' आणि मग, 'जेवलात का?'

"पोरी, यात पान कुठं हाय?" अप्पांनी विचारलं.

ऋतुजाचा चेहरा पडला. तिनं मला उचललं आणि सगळं पहिल्यापासून नीट वाचायचं म्हणून टेबलावर पालथं केलं. चिठ्ठ्या पडल्या आणि त्यांच्यामागून ती पुडी टणकन पडली. उलगडली तर आत एक सुपारी आणि एका मुलीचा फोटो. कागद कोरा.

"जुन्या फोटोंतला राहिला असंल," अप्पा म्हणाले आणि त्यांनी तो खणात टाकला. सुपारी सिताराम काकांनी उचलली आणि अडकित्त्यात धरली. मित्रांनो, त्या क्षणी मला हात असते तर मी काकांचा अडकित्ता हिसकावून घेतला असता.

"थांबा," आत्या म्हणाली. "हळद लागलीया तिला. ती खायची न्हाई, बोलावण्याची हाय."

"कसलं बोलावणं?" ऋतुजानं विचारलं.

"लगीन असू दे, जावळ असू दे, कुणाला घरी बोलवायचं तर हळदीची सुपारी देत्यात. जिला लिहायला येत न्हाई, तिनं तुला बोलावलंय. आता जावं लागतंय. सुपारी आली आन् गेलं न्हाई, असं आपल्या घरात कदी झालं न्हाई."

खणातला फोटो परत बाहेर आला आणि अप्पांनी तो निरखून पाहिला. "ही राणीसावरगावची निकिता," ते म्हणाले. "गेल्या साली शेवटच्या दिवशी हिचा नर्सिंगचा फॉर्म भरायलो होतो. निम्मा झाला आन् लाईट गेली. आली तवा पाच वाजून गेले होते. सगळं पुसलं गेलं. परत पहिल्यापासून भरस्तोवर मुदत संपली. पोरीचं वर्ष गेलं."

दुसऱ्या दिवशी ऋतुजा, आत्या आणि आत्याच्या मांडीवर मी, असे तिघं एसटीनं राणीसावरगावला गेलो. सुपारी ज्यात आली त्यातच परत न्यायची, हा आत्याचा हट्ट होता. धुरपताबाईंनी आम्हाला बघितलं आणि आधी पाटावर बसवलं, गूळपाणी दिलं. मग म्हणाल्या, "लय दिस वाट बघितली बाई. म्हणलं, शिकलेल्या माणसांना कळली न्हाई जणू."

"चुकलंच माझं, काकू," ऋतुजा म्हणाली. "सांगा ना."

"दुसरं काय न्हाई. लाईट गेली तरी पोरीचं लिहिल्यालं जाऊ नये. रंग बिंग काय नगं मला."

निकिता दारात उभी होती. तिनं सांगितलं की यंदाची मुदत शनिवारी संध्याकाळी सहाला संपते आणि उत्पन्नाचा दाखला अजून हातात आलेला नाही. दाखल्याशिवाय अर्ज भरता येत नव्हता. म्हणजे पुन्हा शेवटचाच दिवस.

परतीच्या गाडीत ऋतुजा खिडकीबाहेर बघत राहिली. "मी सगळ्यांना सगळं देत बसले, आत्या," ती म्हणाली.

"पंगतीत कुणाला खीर पाहिजे, कुणाला लोणचं," आत्या म्हणाली. "ते ज्याच्या त्याच्या ताटात वाढायचं असतंय. पर जो उपाशी उठायलाय, त्याच्याकडं आदी बघावं लागतंय."

पुढचे तीन दिवस ऋतुजानं दुकानातल्या कोपऱ्यात बसून काम केलं. पट्ट्या, रंग आणि मोठी अक्षरं तिनं काढून टाकली नाहीत, आवरून ठेवली. ज्याला जे हवं ते त्यानं आपल्यापुरतं निवडावं, दुसऱ्याच्या पानावर ते येणार नाही. पण सगळ्यांत आधी हाती घेतलं ते धुरपताबाईंचं काम. अर्जात लिहिलेलं अक्षर न् अक्षर संगणकात लगेच जपून राहील, आणि पान पुन्हा उघडलं की जिथल्या तिथे भरलं जाईल.

"दुकानाचं कम्प्युटर हाय. एकाचं दुसऱ्याला दिसलं तर?" अप्पांनी विचारलं.

"अर्ज गेला की जपलेलं आपोआप पुसलं जाईल, पप्पा. आणि मधे थांबलं तर ज्याचा अर्ज त्यानं स्वतः ठरवलेल्या चार आकड्यांशिवाय उघडणार नाही."

शनिवारी सकाळी दाखला हातात पडला आणि दुपारी मायलेकी दुकानात आल्या. निकिता एकेक रकाना भरत होती. नाव, जन्मतारीख, बारावीचे गुण, पत्ता. मी टेबलावर होतो आणि धुरपताबाईंचा हात माझ्या झाकणावर होता. तो घामानं ओला झाला होता. चार वाजले, पंखा गरगरत थांबला आणि पडदा काळा झाला.

सिताराम काकांनी अडकित्ता खिशात ठेवला. धुरपताबाई माझ्यावर बोटं घट्ट रोवून बसल्या, इतकी की माझ्या उरलेल्या मोराला अजून तो दाब आठवतो. पाच वाजले. सव्वापाच झाले. निकितानं पदराआड डोळे पुसणाऱ्या आईकडे बघितलंच नाही, ती फक्त पडद्याकडे बघत राहिली. साडेपाचला पंखा हलला.

ऋतुजानं 'पाऊलवाट' उघडलं. निकितानं आपले चार आकडे घातले. नाव आलं. जन्मतारीख आली. गुण आले. अर्धवट लिहिलेला पत्तासुद्धा 'मु. पो. राणीसा' इथपर्यंत जसाच्या तसा होता.

"हाय का गं सगळं?" धुरपताबाईंनी विचारलं.

"हाय आई," निकिता म्हणाली आणि पुढचं अक्षर लिहिलं.

फोटो तेवढा पुन्हा चढवावा लागला. तो माझ्या पोटातून निघालेलाच होता, गंभीर चेहऱ्याचा. पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. अप्पांनी पावती छापली आणि कुणाला दिसू नये म्हणून उगाच यंत्रात कागद भरत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण डब्यांना सगळं दिसतं.

जुलैमध्ये माझ्या फटीतून पुन्हा एक पुडी आत आली. पुन्हा हळदीची सुपारी. तेव्हा ऋतुजा पुण्याला परतायच्या तयारीत होती. तिनं लगेच लॅपटॉप उघडला. "काय राहिलं असेल, आत्या? आवाजानं लिहिणं? का छपाई?"

आत्या पोट धरून हसली. "ठेव ते यंत्र. पोरीचा नंबर लागला. आता जेवायचं बोलावणं हाय."

आम्ही गेलो. जाण्याआधी आत्यानं मला धुतलं, पुसलं, उन्हात वाळवलं आणि गळ्यापर्यंत शेंगदाण्याचे लाडू भरले. इतक्या वर्षांनी माझ्या पोटाला तो वास आला आणि मी पुन्हा नवा झालो. लाडवांसकट तिनं मला निकिताच्या हातात दिलं. दुकानात इच्छांसाठी आता प्लास्टिकचा डबा आहे. त्याच्यावर 'तोंडी सांगितलं तरी चालेल' असं लिहिलंय, अप्पांच्याच अक्षरात.

आता मी परभणीत मुलींच्या वसतिगृहात, निकिताच्या पलंगाखाली असतो. झाकणाच्या फटीतून मुंग्या येतात, म्हणून तिनं वरून पट्टी चिकटवली आहे. मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा डबा कपाटावर पडला असेल तर त्याला खाली काढा, धुवा आणि काम द्या. आणि तो कधी खडखडला तर लगेच कापूस कोंबू नका. आधी उघडून तळापर्यंत बघा.

एक गोष्ट मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही, तुम्हालाच सांगतो. निकिता निघाली त्या दिवशी गाडीत चढण्याआधी धुरपताबाईंनी मला तिच्या हातातून क्षणभर घेतलं. वाकून, पहिल्या दिवशी बोलल्या होत्या तशाच हळूच म्हणाल्या, "माझ्या लेकीला सांभाळ."

ही इच्छा त्यांनी ऋतुजासाठी टाकली नव्हती. ती माझ्यासाठीच होती. म्हणून लाडू संपले तरी मी झाकण घट्ट लावून बसलो आहे.